सरकारी कुसकुस

तिजानीच्या गाडीत पूर्वी कुणी रेडिओ लावायला सांगत नसे. बीर तमर गावाहून स्फाक्स शहरापर्यंतच्या सगळ्या वाटेवर तिजानीच बोलायचा. अड्ड्यावर आठवं माणूस चढलं, दार धाडकन ओढलं, की गाडी आणि तोंड एकदमच सुरू. ऑलिव्हचे भाव का पडले, विहिरी का आटल्या, स्फाक्सचे डॉक्टर आधी नाडी बघतात की खिसा, राजधानीतली माणसं गावाकडच्यांशी बोलताना नाक का वर करतात, सगळ्यावर त्याचं मत तयार. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या हसायच्या आणि उतरताना म्हणायच्या, "तुला तर मंत्री करायला पाहिजे रे, तिजानी."

असलं काही माणसाला गमतीनंही म्हणू नये. एखादा खरं मानून बसतो.

तिजानी मनाचा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण पुढचं ऐकल्यावर कुणी ते कबूल करणार नाही. बाप अम्मार विहिरी खणायचा. गावातल्या निम्म्या विहिरींना त्याचा हात लागलेला, आणि एका विहिरीतच त्याचा दम उखडला तो पुन्हा सावरला नाही. मागे राहिली आई, शलबिया. सगळा गाव तिला उम्मी, म्हणजे आई, शलबिया म्हणायचा. तिजानीला ती आपल्या एकट्याची आई वाटायची, पण तिच्या हातचं कुसकुस सगळ्या गावाचं होतं. रव्याचा दाणा न् दाणा सुटा, वर भोपळा आणि चणे, आणि मटण असं शिजलेलं की हाडाला नुसतं विचारलं तरी सोडून द्यावं. दर वर्षी ती अम्मारच्या नावानं एक मोठं ताट मशिदीत पाठवायची. त्याहून जास्त कधी जमलं नाही. "एकदा तरी त्याच्या नावानं सगळ्या गावाला पोटभर घालायचंय," असं ती म्हणायची, आणि तिजानी म्हणायचा, "इन्शाल्ला, उम्मी." मग दोघंही आपापल्या कामाला लागायची.

ट्युनिशियाचा राष्ट्राध्यक्ष विमानात बसून पळाला, त्या वर्षातली ही गोष्ट. इतकी वर्षं देशात एकच पक्ष होता आणि सरकारी पैशावर तोच एकटा फुगत होता. तो गेला आणि पावसानंतर कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तसे पक्ष उगवले. ज्यांना घरात कुणी विचारत नव्हतं, तेही निवडून येऊन राज्यघटना लिहायला निघाले. अशाच एका पक्षाचा वजदी नावाचा वकील ट्युनिसहून स्फाक्सच्या कोर्टात आला होता. परतीच्या घोळात तो चुकून तिजानीच्या गाडीत बसला, वाटभर त्याची बडबड ऐकली, आणि उतरताना त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तिजानीभाई, तुमच्यासारखा माणूसच हवाय आम्हाला. तुमच्या जिल्ह्यातल्या यादीत पहिलं नाव तुमचं घालतो."

"अहो उस्ताद, माझ्याकडे डिझेलला पैसे नाहीत, निवडणुकीला कुठून आणू?" तिजानी म्हणाला. वकिलाला आमच्याकडे उस्ताद म्हणतात.

"तुम्ही कशाला आणायचे? सरकार देणार. प्रत्येक यादीला सारखे. आता एकाच पक्षाचं राज्य गेलं ना? लोकांचा पैसा लोकांच्या कामाला."

तिजानीला आधी ही थट्टाच वाटली. सरकार म्हटलं की त्याला चौकीवर गाडी बाजूला घ्यायला सांगणारा, दंडाची पावती फाडणारा किंवा न फाडण्याचे पैसे घेणारा हात आठवायचा. तोच हात उलटा होऊन आपल्याला काही देतोय, हे त्याच्या कल्पनेत बसेना. वजदीनं जाता जाता एक गोष्ट सांगितली: शेकडा तीनसुद्धा मतं पडली नाहीत, तर अर्धे पैसे परत करावे लागतात, आणि ती जबाबदारी यादीत पहिलं नाव असणाऱ्याची.

तिजानी खो खो हसला. "शेकड्यात तीन? उस्ताद, माझ्या वरातीतली माणसं आली तरी भागेल."

पक्षाचं नाव होतं उमेद आणि चिन्ह होतं चहाची किटली. बरी चिन्हं आधीच संपली होती. यादीत एक पुरुष, एक बाई, पुन्हा पुरुष, पुन्हा बाई असा क्रम लागायचा, म्हणून दुसरं नाव तिजानीनं बायकोचं घातलं. नजियाला विचारलं नाही, सांगितलं.

"मी काय करायचं असतं?" नजियानं विचारलं.

"काही नाही. नाव लागतं फक्त."

"मग किटलीचंच घालायचं होतंस की."

नजियाची जीभ अशी. पण तिनं सही केली.

पैसे आले. काही गेले छापखान्यात. शाळेच्या भिंतीवर प्रत्येक यादीसाठी एकेक चौकोन आखून दिला होता. तिजानीनं आपल्या चौकोनात आपला फोटो डकवला आणि दोन दिवसांत बूजमाच्या शेळ्यांनी खळ चाटता चाटता त्याचं अर्धं तोंड खाल्लं. पुन्हा डकवला, पुन्हा खाल्लं. बूजमा हा त्याचा अड्ड्यावरचा जोडीदार. त्याची गाडी तिजानीच्या मागे लागायची. तो म्हणाला, "बघ, माझ्या घरातनं पहिलं मत तुलाच पडलं."

मग चौकात सभा झाली. खुर्च्या मांडल्या, भोंगा लावला, आणि गाडीत ज्याचं तोंड आवरत नसे तो तिजानी माणसांसमोर उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. डोळ्यांसमोर रस्ता असला तरच त्याला बोलता येत होतं. हे त्यालाही ठाऊक नव्हतं. 'बंधू आणि भगिनींनो' एवढं म्हणून तो घाम पुसत राहिला. शेवटी पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि सभा संपली.

घरी येताना त्याला वाटेत कुणाकडे बघवेना. बूजमा त्याच्याबरोबर चालत होता.

"भाषण कुणाला हवंय, खुळ्या?" बूजमा म्हणाला. "तुझ्या घरात उम्मी शलबिया आहे आणि तू तोंडानं मतं मागतोस! जेवायला घाल."

"मतदारांना जेवण द्यायला बंदी आहे."

"मतदारांना देऊ नकोस. पाहुण्यांना दे."

घरी पोचेपर्यंत तिजानीचं ठरलं होतं. माणूस खोटं बोलायचं ठरवतो तेव्हा त्याला सगळ्यात सोपं, सगळ्यात पवित्र कारणच सुचतं. संध्याकाळी आई अंगणात चटईवर बसली होती. तो तिच्याजवळ जाऊन टेकला.

"उम्मी, बाबांच्या नावानं गावजेवण घालूया. या आठवड्यात."

शलबियानं हातातला धाग्याचा गुंडा खाली ठेवला. "पैसे?"

"आहेत. थोडे साठवलेत."

"कर्ज नाही ना काढलंस? मेलेल्या माणसाच्या नावानं उसन्या पैशाचं घालत नाहीत."

"माझेच आहेत, उम्मी."

म्हातारीनं त्याचं डोकं जवळ ओढून कपाळाचा मुका घेतला. नजिया दारात उभी होती. ती आत निघून गेली आणि भांडी आपटत बसली. त्या रात्री तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं, "दुसरं काही सांगता नाही आलं तुला?" त्यानं कूस बदलली.

जेवण मात्र दणक्यात झालं. शलबिया पहाटे उठली. शेजारपाजारच्या बायका मदतीला आल्या, तीन चुली मांडल्या, पण रव्याला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. दोन मेंढे कापले. लोक आले, हात धुतले, ताटाभोवती गोल करून बसले. खाण्याआधी सगळ्यांनी हात पसरून अम्मारसाठी फातिहा म्हटली. म्हातारी पडद्याआड उभी राहून रडत होती, आणि इतकी खूश ती नवरा गेल्यापासून कधी दिसली नव्हती.

जेवून निघताना तिजानी दारात उभा राहून एकेकाच्या हातात किटलीचं चित्र देत होता. हळूच, आईला दिसणार नाही असं. लोकांनी चित्राकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "इन्शाल्ला, तिजानी. इन्शाल्ला."

आता आमच्याकडे नाही म्हणायचं असलं तरी इन्शाल्लाच म्हणतात. आईला तेच उत्तर इतकी वर्षं देणाऱ्या तिजानीला हे कळायला नको होतं का? पण त्या दिवशी त्यानं प्रत्येक इन्शाल्ला म्हणजे एक मत धरलं आणि रात्री आनंदानं झोपला.

मतमोजणी झाली, आणि शेकड्यात तीन सोडाच, शेकड्यात एकसुद्धा मत नाही पडलं. खुद्द बीर तमरमध्ये त्याला मिळालेली मतं मटण दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्यांपेक्षा कमी निघाली. सुरुवातीला त्यानं हसण्यावारी नेलं. गाडीत लोक म्हणायचे, "काय मंत्रिसाहेब?" तोही म्हणायचा, "राजीनामा दिला." हिवाळ्यापर्यंत ही थट्टा शिळी झाली, आणि सगळं संपलं असं वाटत असतानाच खजिन्याच्या कचेरीतून बोलावणं आलं.

काउंटरमागचा माणूस सभ्य होता. त्यानं त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि समजावलं की अर्धे पैसे उन्हाळ्याच्या आत भरले नाहीत तर गाडीवर टाच येईल. तिजानीनं बाहेर येऊन वजदीला फोन लावला. नंबर बंद. ट्युनिसला जाणाऱ्या एकाला पक्षाच्या कचेरीत पाठवलं, तर तिथं मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, ते वकील तीन महिन्यांचं भाडं बुडवून गेलेत, तुम्हाला भेटले तर मलाही सांगा.

घरी नजियानं हातातली सोन्याची बांगडी काढून त्याच्यासमोर ठेवली. तिच्या आईची होती ती.

"ही मोड. भरून टाक आणि मोकळा हो."

"ठेव ती."

"का?"

"तू नाही खाल्लंस. गावानं खाल्लंय. गावानं भरायला नको?"

नजिया त्याच्याकडे बघतच राहिली. "जेवलेल्या माणसाकडे पैसे मागणार आहेस तू?"

"मागणार नाही. परिस्थिती सांगणार."

"तिजानी, त्या जेवणावर लोकांनी तुझ्या बापासाठी फातिहा म्हटलीय."

"ओरडू नकोस, उम्मी ऐकेल!" तो म्हणाला. आईला कळू नये, एवढीच त्याची काळजी उरली होती. गाडी गेली तरी माणूस मजुरी करून जगेल. पण ते जेवण कशाचं होतं हे त्या म्हातारीला कळलं, तर तिच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती नव्हती. खरं तर एवढं कळत असलेल्या माणसानं बांगडी मोडायला हवी होती. पण हरलेल्या माणसाचा ताठा जिंकलेल्यापेक्षाही वाईट. ज्यांनी खाऊन मत दिलं नाही, त्यांच्यावर त्याचा आतून राग होता, आणि त्या रागाला तो न्याय म्हणत होता.

पहिल्यांदा तो बूजमाकडे गेला. हवेचं बोलून झालं, टायरांचं झालं. मग खाली बघत त्यानं सगळं सांगितलं.

बूजमाला आधी समजलंच नाही. समजल्यावर तो हसला. तिजानी हसत नाहीये हे पाहून थांबला.

"म्हणजे मी काय द्यायचं? मटणाचे वेगळे आणि भोपळ्याचे वेगळे?"

"तसं नाही रे. सरकारचे पैसे होते. ते काही माझ्या खिशात नाहीत, तुमच्या सगळ्यांच्या पोटात गेलेत. तूच सांगितलं होतंस ना, जेवायला घाल म्हणून?"

"सांगितलं होतं." बूजमानं खिशातून नोटा काढल्या, न मोजता त्याच्या हातात कोंबल्या. "घे. आणि इथनं जा, माझ्या बायकोनं ऐकायच्या आत."

"उम्मीला कळू देऊ नकोस," तिजानी म्हणाला.

बायकोनं ऐकलं होतं. सालहा दाराआडच होती.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी एकदोन घरं करायचा. काहींनी पैसे दिले, आणि देणाऱ्यांनी तोंड फिरवून दिले. काहींनी कॉफी पाजली आणि विषयच बदलला. एका म्हाताऱ्या शिक्षकानं तर हात जोडले. "मला साखरेचा आजार आहे, तिजानी, मी त्या दिवशी दोन घासच खाल्ले होते." तो थट्टा करत नव्हता. खरोखर घाबरून सांगत होता. त्या घरातून बाहेर पडल्यावर तिजानी अंधारात भिंतीला टेकून उभा राहिला. आपल्या गावात आपल्याला कुणी घाबरावं, आणि तेसुद्धा दोन घासांसाठी! त्याला स्वतःची किळस आली. पण दुसऱ्या दिवशी तो पुढच्या घरी गेलाच. प्रत्येक ठिकाणी निघताना एकच वाक्य: उम्मीला कळू देऊ नका.

कॉफीच्या दुकानात आता नवीन खेळ सुरू झाला. कुणी पोटावर हात फिरवायचा आणि दुसरा ओरडायचा, "जपून, सरकारी माल आहे!" कुणी कापडाच्या दुकानात ढेकर दिली तर म्हणायचे, पावती घ्या. तिजानी दुकानासमोरून जाताना आवाज एकदम बसायचा. ती शांतता त्याला जास्त झोंबायची. गाडीत तो गप्प बसू लागला. लोकांनी रेडिओ लावायला सांगायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

पुरुषांनी हसून सोडलं असतं. बायकांनी सोडलं नाही. सालहानं त्या दिवशी शलबियाच्या चुलीशी बसून कांदे चिरले होते, अम्मारसाठी तिचे डोळे खरोखर ओले झाले होते, आणि आता कळत होतं की ते एका किटलीसाठी झाले. मेलेल्या माणसाच्या नावाचं अन्न तिच्या पोरांच्या पोटात उसनं म्हणून पडलं होतं. ती घरोघर गेली आणि बायकांशी बोलली. "त्याचं त्याला देऊन टाकू," ती म्हणाली. "जसं घेतलं तसं. म्हणजे आपल्या लेकरांच्या पोटावर कुणाचं काही राहणार नाही."

शुक्रवारी दुपारी तिजानी स्फाक्सहून परतला. फोनची बॅटरी सकाळीच गेली होती. अड्ड्यावर माणसं उतरवून तो घराकडे वळला आणि गल्लीच्या तोंडाशीच त्याचा पाय ब्रेकवर गेला. बायका त्याच्या घराकडे चालल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात मोठं ताट, ताटावर स्वच्छ फडकं. कुणी बोलत नव्हतं. काही जणी रिकाम्या हातानं परत येत होत्या, आणि गाडी बघून त्यांनी शाली तोंडावर ओढल्या.

ज्या घरात मरण येतं तिथं चूल पेटत नाही. शेजार रांधून ताटं पाठवतो, ती अशीच, फडकं घालून, गुपचूप. तिजानीला आई आठवली. सकाळी निघाला तेव्हा आई खोकत होती. तो मागे वळूनही न बघता गेला होता.

गाडी तशीच रस्त्यात टाकून तो धावला. घरातून रडण्याचा आवाज येत होता. "उम्मी!" तो ओरडला, "उम्मी!" दारातल्या ताटांना ठेचकाळला, अंगणात आला, आणि समोर चटईवर शलबिया बसलेली. केस सुटलेले, गालांवर नखांचे ओरखडे, छाती बडवत ती त्याचंच नाव घेत होती. नजिया तिचे हात धरायचा प्रयत्न करत होती.

म्हातारीनं त्याला पाहिलं. क्षणभर तिला कळेना. मग ती उठली, अडखळली, आणि त्याच्या अंगावर पडली. त्याचं तोंड, खांदे, हात चाचपू लागली. "तू आहेस? कुठे लागलंय? मला म्हणाले काही नाही झालं, मला वाटलं लपवतायत. मला वाटलं गाडी उलटली..."

"मी आहे, उम्मी. मला वाटलं तूच..." दोघंही एकमेकांना धरून लहान पोरांसारखी रडली. एवढं सुख त्याला आयुष्यात कधी झालं नव्हतं. आई जिवंत होती. बाकी काय व्हायचं ते होवो, असं त्याला त्या घडीला खरंच वाटलं.

मग शलबियानं शालीनं नाक पुसलं आणि अंगणभर नजर फिरवली. भिंतीकडेनं ताटंच ताटं. कुसकुस, वर भोपळा, चणे, मटण.

"मग गेलं कोण?" तिनं विचारलं.

भिंतीशी उभ्या बायका आपापल्या ताटांकडे बघू लागल्या.

"नजिया, कोण गेलं? सगळ्या गावानं ताटं कुणासाठी पाठवली?"

"मी मघापासून सांगतेय, उम्मी, कुणी नाही गेलं," नजिया म्हणाली. "पुढचं त्याला विचारा."

दाराशी सालहा उभी होती. शलबियाला सापासारखं डसायचं असं तिच्या मनातही नव्हतं. रडणं ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "उम्मी शलबिया, अल्लाशपथ, आम्हाला वाटलं नव्हतं तुम्हाला असं काही वाटेल," ती म्हणाली. "आम्ही फक्त त्याचं त्याला..." आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"त्याचं काय त्याला?" शलबिया मुलाकडे वळली.

खोटं बोलायला अजूनही जागा होती. पण मघाशी तिच्या हातांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं होतं, आणि त्या हातांसमोर त्याला नवीन काही रचता येईना. त्यानं सांगितलं. किटली, वकील, सरकार, दोन मेंढे, शेकड्यात तीन, गाडीवरची टाच, बूजमाचं घर, शिक्षकाचं घर. सगळं खाली बघून. गाडीतल्या तिजानीनं हेच तीन तास रंगवून सांगितलं असतं. अंगणातल्या तिजानीला चार वाक्यांतच दम लागला.

सगळं ऐकून शलबिया म्हणाली, "म्हणजे ते जेवण सरकारचं होतं."

"हो, उम्मी."

"आणि मी ते तुझ्या बापाचं म्हणून रांधलं."

"हो."

"लोकांनी खाल्लं, दुवा दिली. मग तू घरोघर जाऊन ते परत मागितलंस." ती त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नीट समजून घेत होती, बाजारात भाव समजून घ्यावा तशी. "मग तुझ्या बापाच्या वाट्याला काय आलं, तिजानी?"

त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि ती नुसती म्हणायची गोष्ट नव्हती. बाप जिथं गेला तसल्या एखाद्या विहिरीच्या तळाशी जाऊन बसावं आणि वरून कुणी हाकच मारू नये, असं त्याला वाटत होतं.

शलबियानं सुटलेले केस बांधले नाहीत. पांढरी शाल डोक्यावरून पुढे ओढली, आणि उठली होती त्याच चटईवर, त्याच जागी जाऊन पुन्हा बसली. पाय दुमडून, हात मांडीवर. मयताच्या घरातली बाई बसते तशी. नजिया म्हणाली, "उम्मी, आता उठा ना, आत चला." ती उठली नाही. थोड्या वेळानं तिजानी जाऊन तिच्या शेजारी बसला. दुसरं कुठे बसायचं हे त्याला सुचेना. सालहा आणि बाकीच्या बायका भिंतीशी उभ्याच राहिल्या. ताटं उचलून न्यावीत की ठेवावीत, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाची हफसिया काठी टेकत आली. तिला डोळ्यांनी जेमतेम उजेड-अंधार कळायचा. ताटांच्या बेतातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिच्यापर्यंत फक्त रडणं पोचलं होतं, आणि रडणं ऐकल्यावर जायचं असतं, म्हणून ती घरात होती ती एक भाकरी फडक्यात बांधून आली होती. चाचपत ती चटईपाशी पोचली, शलबियाच्या शेजारी टेकली, आणि समोर आलेला पुरुषाचा हात तिनं कुणातरी नातेवाइकाचा समजून आपल्या दोन्ही हातांत धरला.

"अल्ला तुम्हाला धीर देवो," ती म्हणाली. "कोण गेलं गं, शलबिया?"

शलबियानं शाल आणखी पुढे ओढली.

"माझा मुलगा," ती म्हणाली.

हफसियानं मोठा सुस्कारा सोडला. हातातला हात तिनं आणखी घट्ट धरला आणि थोपटू लागली. "अरे देवा. तिजानी? बोलका पोरगा होता. अल्ला त्याच्यावर दया करो."

नजियानं तोंड फिरवलं. शलबिया समोरच्या भिंतीकडे बघत होती. म्हातारी हात थोपटत वाट बघत राहिली, कारण अशा वेळी घरच्या माणसानं उत्तर द्यायचं असतं.

"आमीन," तिजानी म्हणाला.